यंत्रमागाशेजारचा इंग्रजी वर्ग

इंग्रज लोकांना इंग्रजी नीट येत नाही, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली आहे, आणि ती म्हणजे आमच्या सोलापूरच्या घरमालकीणबाई. "त्यांना कुनी शिकवलं? कुनीच न्हाई. आपोआप आलं. आपोआप आलेलं पक्कं नसतंय," असं त्या म्हणत, आणि ते इतक्या शांतपणे म्हणत की समोरच्याला क्षणभर इंग्रजांची काळजी वाटावी. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काकू म्हणत असू. वय साठीच्या पुढे, बांधा उंच आणि ताठ, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकल लुगडं, आणि गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला कायम खडूची पूड लागलेली. कारण सकाळची पूजा उरकली की काकू थेट खालच्या लांबट खोलीत जात. तिथं साडेतीन-चार वर्षांची पंधरा-वीस मुलं सतरंजीवर त्यांची वाट बघत असत. ही मुलं त्यांना मिस म्हणत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथं पुष्कळ मिस पाहिल्या; पण इरकल नेसलेली, विभूती लावलेली आणि वर्ग सुरू करण्यापूर्वी खडूला नमस्कार करणारी मिस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी त्या वर्गात कशी गेले, ते सांगते. बी.ए.चा निकाल लागला होता आणि मी घरी बसून होते. वडील रेल्वेत, आई घरात, आणि मी बहुतेक वेळ आतल्या खोलीत. एके दिवशी काकू भाडं न्यायला वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमची पोरगी कॉन्व्हेंटची की. घरात बसून काय करायलीय?" आई ओशाळून म्हणाली, "ती फार अबोल आहे हो, काकू. पाहुणे आले तरी बाहेर येत नाही." काकूंचा चेहरा उजळला. "मग लईच चांगलं. बोलायला मी हाय. बोलनारी दुसरी बाई वर्गात नकोच मला. नाकं पुसायला कुनीतरी पायजे." एवढ्या मुलाखतीवर माझी नेमणूक झाली. दुसऱ्या दिवसापासून मी नाकं पुसू लागले, चित्रांचे तक्ते धरू लागले, आणि झोपी गेलेल्या मुलांना भिंतीला टेकवून ठेवू लागले.

काकूंच्या इंग्रजीचा उगम एका बंद खिडकीत होता. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या तेव्हा त्यांचं सासर गिरणीच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यासमोर होतं. उन्हाळ्यात बंगल्याच्या काचा लावलेल्या असत. काचेमागं मडमीण नोकराला रागवायची, कुत्र्याशी बोलायची, नवऱ्याशी भांडायची, आणि काकू भाकरी थापता थापता ते सगळं बघायच्या. आवाज येत नसे. तोंड मात्र स्वच्छ दिसे. पुढं यजमानांनी हौसेनं एका मास्तरांची शिकवणी लावून दिली, बाराखडीसारखी ए-बी-सी-डी पाठ झाली, दोन वाचनमालाही झाल्या. पण पाया खिडकीत घातला गेला तो गेलाच. त्यातून काकूंनी आपला सिद्धान्त काढला होता आणि तो त्या मला तक्ते लावताना नेहमी सांगत. "कन्नड घशातनं येती. मराठी पोटातनं येती. तेलुगू जिभेवर नाचती. आन् इंग्रजी? इंग्रजी नुसती ओठांत असती, पोरी. ओठ बसले की भाषा बसली." मी पुढचा तक्ता त्यांच्या हातात देत असे. 

एकदा सिद्धान्त ठरल्यावर त्याप्रमाणे सगळं आयुष्य लावून घेणं हा काकूंचा स्वभाव. ओठ मऊ राहिले पाहिजेत म्हणून वर्गाच्या वेळात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना बंदी होती. सोलापुरात ही बंदी घालणं म्हणजे माशांना पाण्याची बंदी घालण्यासारखं होतं. मुलांचे डबे दारातच उघडले जात, भाकरी जप्त होई, आणि काकू आपल्या खर्चानं प्रत्येकाच्या हातात पावाचा तुकडा ठेवत. पाव आणायला त्या स्वतः कोपऱ्यावरच्या बेकरीत जात आणि तिथल्या चाचांशी रोज हुज्जत घालत. "आज का ताजा पाव दो. शिळ्या पावानं इंग्रजी येत न्हाई." चाचा कंटाळून म्हणत, "अजी अक्का, मैं तीस बरस से पाव खारूं. मेरे कू कां आती अंग्रेजी?" त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे: "तुमी चहात बुडवून खाताय. ओठाला लागतच न्हाई तुमच्या."

दुसरी गोष्ट मोज्यांची. बूट परवडणार नाहीत हे काकूंना मान्य होतं, पण मोज्यांशिवाय इंग्रजी म्हणजे त्यांना उघड्या डोक्यानं देवळात जाण्यासारखं वाटे. भर एप्रिलात, पत्र्याच्या छपराखाली, सगळी पोरं मोजे घालून बसत. एका मुलानं आपल्या बापाचे मोजे घालून आणले होते. ते त्याच्या मांड्यांपर्यंत येत आणि तो चालू लागला की मोज्यांचे शेंडे मागून दुसऱ्या मुलासारखे येत. मला हसू आवरत नसे. काकू मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघत म्हणाल्या, "बघ, किती इंग्रजी दिसायलाय."

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, तिच्याकडे येते. काकूंचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत होतं, आणि वर्गाच्या मागची शेड त्यांनी एका तेलुगू विणकराला भाड्यानं दिली होती. तिथं त्याचे चादरीचे यंत्रमाग चालत. वर्ग आणि शेड यांच्यामध्ये फक्त पत्र्याची भिंत. माग सुरू झाले की इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांच्या खटखटाटानं तक्ते खिळ्यावर नाचू लागत. मुलाच्या तोंडाशी कान नेला तरी ऐकू येई तो धोटाच. काकूंना याचं काही वाटत नसे. त्या पाटावर उभ्या राहत, दोन बोटं ओठांशी नेत आणि तोंडाचा असा काही मोठा आकार करून एकेक शब्द म्हणत की खोलीच्या टोकाला बसलेल्या मलाही तो दिसे. मग समोरची सगळी तोंडं तसाच आकार करत. गोल म्हटलं की गोल, रुंद म्हटलं की रुंद. काही महिन्यांत मला मुलांच्या ओठांवरचं सगळं वाचता येऊ लागलं. मांजर, टोपी, माझं नाव अमुक, मी चार वर्षांचा आहे, आभारी आहे. एकही चूक नसे. मी मनातल्या मनात काकूंची माफी मागितली. वीज गेली तर माग थांबत, पण त्याच क्षणी आसपासच्या मागांवर काम करणारे मुलांचे आईबाप घाम पुसत अंगणात येत आणि पोरं ‘अम्मा, नान्ना’ करत त्यांच्याकडे धावत. आठवड्यातला विजेच्या सुट्टीचा वार हाच आमच्याही सुट्टीचा वार होता. त्यामुळे शांत खोलीत हा वर्ग कधी भरलाच नाही, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काकूंची जन्माची इच्छा एकच होती: आपल्या वर्गातलं एक तरी पोर कॉन्व्हेंटमध्ये लागावं. दरवर्षी त्या मुलांना मुलाखतीला पाठवत आणि दरवर्षी सगळी मुलं परत येत. आत गेलेल्या आयांना विचारलं तर त्या म्हणत, "सगळं बोलला की हो. सिस्टरच्या मनात आलं न्हाई." मी आले त्या वर्षी मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. शेडवाल्या विणकराला धंदा वाढवायचा होता आणि त्याला वर्गाची खोली हवी होती. माणूस मोठा सभ्य. तो काकूंना अक्का म्हणे, काकू त्याला तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. त्याची चार वर्षांची पद्मा आमच्याच वर्गात होती. एके दिवशी तो दारात उभा राहून जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का, तुमाला न्हाई म्हनायची हिंमत न्हाई माजी. ह्या वर्सी पद्मी लागली कॉन्व्हेंटात, तर खोलीचं नाव काडनार न्हाई. न्हाई लागली तर दोन माग बसवतो. भाडं बी वाडवून देतो."

"लागंल की," काकू म्हणाल्या. "न्हाई लागली तर मी सोता तुज्या मागाला नारळ फोडते, तम्मा."

त्या वर्षी मुलाखतीला मुलांबरोबर मी गेले, कारण तिथल्या मुख्य सिस्टर मला ओळखत होत्या. काकू बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसल्या. सिस्टरांची खोली मला पाठ होती: उंच छत, जाड भिंती, बाहेरच्या रस्त्याचा मागमूस नाही. सिस्टरांनी पहिल्या मुलाला हसून इंग्रजीत नाव विचारलं. त्यानं हात मागं बांधले, मान वर केली, आणि ओठांचे सुरेख आकार करत आपलं नाव सांगितलं. आवाज नव्हता. मला वाटलं, पोर घाबरलं. दुसऱ्यानं तसंच केलं. मग पद्मा उभी राहिली. तिनं नाव सांगितलं, वय सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, न विचारता आभारही मानले. सगळं बिनचूक, आणि सगळं निःशब्द. सिस्टर पुढं वाकल्या, मग त्यांनी कानाला हात लावला.

"सिस्टर, ती म्हणते आहे की तिचं नाव पद्मा," मी म्हणाले.

"तुला ऐकू येतंय?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही. दिसतंय."

 सिस्टरांनी आवाज खाली आणून विचारलं की या मुलांना ऐकू येतं ना. कारण तशा मुलांसाठी वेगळी शाळा असते.  दरवर्षीच्या मुलाखती मला एकदम दिसू लागल्या, आणि मागच्या बाकावर समाधानानं मान डोलावणाऱ्या त्या आया. इंग्रजी असंच असणार, असं त्यांना वाटलं होतं.

बाहेर येऊन मी काकूंना सांगितलं. त्यांना कळेच ना. "आवाज न्हाई म्हंजे? घसा बसलाय?" त्यांनी पद्माला समोर उभं केलं. "पद्मे, नाव सांग. इंग्रजीत." पद्मानं सांगितलं. लिंबावरच्या चिमण्या तेवढ्या ऐकू आल्या. "मोट्यानं सांग की गं!" पद्मानं तोंड आणखी मोठं उघडलं आणि पुन्हा तसंच सांगितलं. काकूंनी तिचे खांदे धरले. "आगं, आवाज काड की!"

तेव्हा पद्मा अंगणात बोलते त्या खणखणीत आवाजात, मराठीत म्हणाली, "मिस, इंग्रजीला आवाज नस्तोय की! अम्मा-नान्ना बी माग चालू असला की असंच बोलत्यात. आवाज भाईर आल्यावर काडायचा."

त्यात चुकीचं काही नव्हतं. मागावर काम करणारी माणसं खटखटाटात ओरडत नाहीत. ओठांनी आणि हातांनी बोलतात. या मुलांनी पाळण्यातून तेच पाहिलं होतं. मागाशेजारच्या खोलीत शिकवली जाणारी भाषाही त्यांनी त्याच जातीची धरली. काकू बाकावर बसल्या. "अय्यो शिवा," एवढंच म्हणाल्या. मग त्या उठल्या, पदर नीट केला आणि तडक सिस्टरांच्या खोलीत गेल्या. त्या आत काय बोलल्या ते मी ऐकलं. काकू इंग्रजीत बोलत होत्या आणि सिस्टरांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण काकूंनी हात जोडले, ते त्यांना कळलं. एक जागा आठवडाभर धरून ठेवते, पद्माला पुन्हा आणा, असं सिस्टर म्हणाल्या.

त्या आठवड्यात काकूंनी आपलं सगळं शास्त्र गुंडाळून ठेवलं. वर्ग बंद करून त्या रोज सकाळी पद्माला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जायच्या, कारण तिथं माग नव्हते. बरोबर मी. पद्माच्या पायांत मोजे नव्हते आणि डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी होती. पद्मा पाण्यातल्या म्हशींबद्दल काकूंशी मराठीत बोले, माझ्याशी तेलुगूत बोलून माझी फजिती बघे, पलीकडच्या पोरांना दखनीत शिव्या देई. मग काकू म्हणत, "आता इंग्रजीत," आणि पोरीचा आवाज दिवा मालवल्यासारखा जाई. ओठ तेवढे हलत राहत. काकूंनी लाडू दिला, रागावून पाहिलं, एकदा तर डोळ्यांत पाणी आणलं. शेवटी एका सकाळी त्या थकून पाण्याकडे तोंड करून बसल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नाव तरी सांग गं माजे आई." मागून बारीक, खरखरीत आवाजात इंग्रजी वाक्य आलं. काकू हलल्या नाहीत. "वय?" वय आलं. बापाचं नाव आलं. काकूंनी मागं न बघता माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "माजं तोंड बघून करायलीय ती," त्या कुजबुजल्या. "तोंड दिसलं न्हाई की बोलायलीय."

दुसऱ्या मुलाखतीला काकूंनी बाहेरच थांबायचं असं आमचं ठरलं होतं. पण दारापाशी पद्मानं त्यांचा पदर धरला तो सोडेना. अखेर काकू आत आल्या आणि खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सिस्टरांनी नाव विचारलं. पद्मा गप्प. त्यांनी पुन्हा, अगदी मायेनं विचारलं. पद्मानं काकूंच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला. मला तो श्वास दिसला. आणखी एक क्षण, आणि ती बोलणार होती.

काकूंना तेवढा एक क्षण धीर धरवला नाही. त्या वळल्या. पोर अडलंय एवढंच त्यांना कळलं असावं. दोन बोटं ओठांशी गेली आणि त्यांच्या तोंडानं ते वाक्य मोठ्या मोठ्या आकारांत म्हटलं, जसं त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. पद्माचा चेहरा फुलला. तिनं हात मागं बांधले आणि काकूंकडे बघत ते सगळं म्हटलं, बिनचूक, शेवटच्या आभारांसकट. सिस्टर हातातली पेन्सिल टेबलावर ठेवत होत्या, तो आवाज मला ऐकू आला. काकूंचा हात तोंडापाशीच राहिला होता. आपण काय केलं ते त्यांना तिथंच कळलं.

आम्ही रिक्षानं घरी परतलो. विणकर दारात उभा होता. त्याला सांगावं लागलं नाही. "जाऊ द्या अक्का," तो म्हणाला, "मुनशिपाल्टीच्या शाळेत जाईल. तिची अम्मा बी तितंच शिकली." त्यानं खोलीबद्दल त्या दिवशी एक शब्द काढला नाही. काकूंनीच काढला. "माग कवा बसवतोस, तम्मा?"

त्याच महिन्यात माग बसले. पूजेच्या दिवशी काकू विभूती लावून खाली आल्या, नव्या मागांना हळदकुंकू वाहिलं आणि बोलल्याप्रमाणे नारळ स्वतः फोडला. एका फटक्यात फुटला. लोक म्हणाले, शकुन चांगला. तक्ते मी वर आमच्याकडे नेऊन ठेवले; ते परत द्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "राहू दे तुज्याकडं." त्यानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द मी ऐकला नाही. मुलं मात्र रस्त्यात भेटली की त्यांना मिसच म्हणत, आणि त्या मान हलवून पुढं जात.

माझं लग्न ठरलं, सोलापूर सुटायची वेळ आली, तेव्हाची एक संध्याकाळ आठवते. वीज गेली होती. सगळ्या गल्लीतले माग एकाएकी थांबले आणि कान हलके झाले. मी खाली उतरले तर काकू ओट्यावर बसल्या होत्या. अंगणात पद्मा दुसऱ्या एका पोरीशी खेळावरून भांडत होती, तेलुगूत, कंबरेवर हात ठेवून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी काकूंच्या शेजारी बसले. पोरींचं भांडण मिटेना. काकू कान देऊन ऐकत होत्या. मला वाटलं, आता त्या पोरींना रागावणार.

"आवाज लई चांगला हाय गं पोरीचा," त्या म्हणाल्या. "वर्सभर माज्या म्होरं बसत होती. मी कवा ऐकलाच न्हाई."

 वीज येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच ऐकत बसलो होतो.